नाताळ, कुरमुरे आणि घरात नसलेला ओव्हन

(ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आज मी दिंडोरीतून बोलतोय. मागे मधूनच ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या. द्राक्षबागांचा सीझन आहे, आणि माझी खोली रस्त्यालगत आहे.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की कुकिंगचा चॅनल? विषय आहे नाताळचा खाऊ. त्यातही तो, जो ओव्हनशिवाय होतो. चॉकलेट वितळवायचं, त्यात मार्शमॅलो टाकायचे, थापायचं, वड्या पाडायच्या. रील्सवर त्याला ‘नो-बेक’ म्हणतात.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरात माझी भाची इथे आली होती. दुसरीत आहे. तिच्या शाळेत नाताळला प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा होता. तिने मोबाईलवर मला एक रील दाखवलं आणि विचारलं, “मामा, आपल्याकडे ओव्हन नाहीये ना? मग आपण खरा नाताळ नाही करू शकत. हे खोटं खोटं चालेल का?”

मी हसलो. पण ‘खरा नाताळ’ हे शब्द डोक्यातून जाईनात. कारण जवळपास हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, आणि तेही लहान मुलासारखं निरागसपणे नाही.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात हॉस्टेलवर होतो. माझा रूममेट नाशिकचा, शरणपूर रोडकडचा. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. नाताळची सुट्टी संपवून आला तेव्हा आजीने दिलेला स्टीलचा डबा घेऊन आला. आम्ही पाच-सहा जण तुटून पडलो. डब्यात होत्या करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “अरे, हा तर दिवाळीचा फराळ! केक कुठंय? हे कसलं ख्रिसमस?” सगळे हसले. तोही हसला. करंज्या मात्र आम्ही सगळ्या संपवल्या.

आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे. म्हणजे मी किती चुकीचं बोललो होतो, त्याबद्दल.

आधी साधा प्रश्न. ओव्हन म्हणजे काय? ओव्हन म्हणजे चारही बाजूंनी सारखी, कोरडी उष्णता देणारी बंद जागा. केकच्या पिठात सोडा किंवा बेकिंग पावडरमुळे वायूचे बुडबुडे होतात, आणि ते बुडबुडे फुटायच्या आत भोवतीचं पीठ घट्ट व्हावं लागतं. त्यासाठी खालून आच पुरत नाही, वरूनही लागते. आपली चूल मात्र फक्त खालून तापते. स्टोव्ह आला तरी खालूनच, गॅस आला तरी खालूनच.

त्यामुळे आपल्या घरातलं गोडाधोडाचं बहुतेक काम चार क्रियापदांवर चालतं: तळणं, भाजणं, वाफवणं आणि आटवणं. करंजी तळायची, रवा-बेसन भाजायचं, मोदक वाफवायचे, बासुंदी आटवायची. बहुतेक मराठी गोड पदार्थ यातल्याच एकाने किंवा दोघांनी होतात. पाचवं क्रियापद, म्हणजे ‘बेक करणं’, त्याला आपल्याकडे धड स्वतःचा शब्दही नाही. बेकरीतलासुद्धा आपण ‘भाजतो’च.

मग आपल्याकडे बेक केलेलं काही नव्हतं का? होतं. पण ते घरात होत नव्हतं, भट्टीवर होत होतं. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, आजही सायकलवरून भोंगा वाजवत येतो. घरोघरी पाव भाजायची गरजच नव्हती, कारण गावची भट्टी होती. पुढे मुंबई-पुण्यात इराण्यांच्या बेकऱ्या आल्या, तीही सगळ्यांची मिळून एक भट्टी.

तुमच्यापैकी कितीजणांच्या आईने दिवाळीच्या आधी नानकटाई बेकरीतून भाजून आणली आहे? माझ्या आईने आणली आहे. घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर न्यायची, तिथेच ट्रेमध्ये गोळे लावायचे, किलोवर मजुरी द्यायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी यायचं. मी लहानपणी त्या रांगेत उभा राहिलोय. मुंबईतली ख्रिस्ती कुटुंबंही नाताळचा केक असाच करत. मिश्रण घरी कालवायचं आणि भाजायला शेजारच्या बेकरीत द्यायचं. आपल्या बायका नानकटाई घेऊन ज्या दारात उभ्या राहत, तसल्याच दारात.

भारतातल्या पहिल्या ख्रिसमस केकची म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, तीही घरातली नाही, बेकरीतलीच आहे. केरळातल्या तलश्शेरीत मंबळ्ळी बापू नावाचे बेकरीवाले होते. १८८३ साली मर्डोक ब्राऊन नावाच्या एका ब्रिटिश मळेवाल्याने त्यांना विलायतेहून आणलेला केक दाखवला आणि असाच करून द्या म्हणाला, असं सांगतात. बापूंनी तो आपल्या भट्टीत केला. म्हणजे गोष्टीतसुद्धा केक आहे तो बेकरीवाल्याचा. घरच्या ओट्यावर काय होत होतं, ते या गोष्टीत येतच नाही.

ते बघायला आपण परत नाशिकला येऊ.

दिंडोरीहून नाशिकला गेलात की शरणपूर रोड लागतो. आज तिथे शोरूम आणि हॉस्पिटलं आहेत, पण नाव नीट ऐका: शरण-पूर. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या वेशीबाहेर ख्रिस्ती लोकांची ही वसाहत वसवली. तिथे शाळा होती, सुतारकी-लोहारकी शिकवणारे वर्ग होते. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडून ब्रिटिश आरमार आफ्रिकन मुलांची सुटका करायचं, त्यातल्या बऱ्याच मुलांना इथे आणलं गेलं. इंग्रजी कागदपत्रांत ‘नासिक बॉईज’ म्हणून त्यांचा उल्लेख येतो. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासी १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला. त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमध्ये जेकब वेनराईट होता. तो नाशिकला शिकलेला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं, तेव्हाही तो तिथे होता.

हे का सांगतोय? कारण आपल्याला वाटतं नाताळ मॉलमधून आला, किंवा फार तर टीव्हीवरून. नाशिकमध्ये तो दीडशे वर्षांहून जुना आहे. मुळात ‘नाताळ’ हा शब्दच बघा. पोर्तुगीज ‘नताल’, मूळ अर्थ जन्मासंबंधीचा. आपल्या भाषेत हा सण इतका मुरलाय की त्याचं नाव परकं आहे हेही आपण विसरलो.

आणि मराठी ख्रिस्ती माणसांनी हा सण मराठीतच साजरा केला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू होतं. त्याच नगरला पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडले नाहीत, कीर्तन सोडलं नाही. येशूची गाणी त्यांनी ओवी-अभंगांच्या चालीवर लिहिली, आणि ती आजही मराठी चर्चमध्ये म्हणतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या, १८६८ साली आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. म्हणजे धर्म बदलला तरी भाषा, गाणं, घर तेच राहिलं.

मग स्वयंपाकघर का बदलेल? देव बदलल्याने चुलीला वरून आच थोडीच लागते! घरात कढई होती, झारा होता, करंजीचं कातणं होतं, चकलीचा सोऱ्या होता. सणाला घरात जे उत्तम होतं तेच केलं. नगर-नाशिककडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात त्या अशा. दिवाळीचा फराळ त्यांनी ‘उचलला’ नाही. तो त्यांचाही होताच.

बाकीच्या किनारपट्टीवरही हीच गोष्ट दिसते. गोव्यात नाताळला नेवऱ्या करतात. नेवरी म्हणजे करंजीच. कुलकुल करतात. पिठाच्या छोट्या गोळ्या काट्यावर किंवा फणीवर वळून तळायच्या. दोदोल करतात. नारळाचा रस, काळा गूळ, तांदळाचं पीठ, आणि कढईत हात दुखेपर्यंत घोटायचं. पेराद करतात, म्हणजे पेरूची वडी. तळणं आणि आटवणं. बिबिंका हा तेवढा अपवाद. त्याला वरून आच लागते. पण त्यावरही जुना उपाय बघा: भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे आणि एकेक थर भाजत जायचा. ओव्हन नाही, तर निखारे वर चढवले!

मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत फुगे तळतात. दूध, साखर, काजू आटवून मिल्क क्रीम करतात आणि साच्यात दाबून फुलं-पानं काढतात. युरोपातलं मार्झिपान बदामाचं, आपल्याकडे बऱ्याच घरांत ते काजूचं झालं. तेही कढईतच.

आता माझ्यासारख्या इंजिनीअरला पहिल्यांदा काय वाटतं? एखादी डिपेंडन्सी इन्स्टॉल होत नाही, तेव्हा आपण वर्कअराउंड काढतो. ओव्हन नाही म्हणून करंजी. पण थांबा, हे चुकीचं आहे. वर्कअराउंड तेव्हा म्हणतात, जेव्हा मूळ गोष्ट तुम्हाला हवी असते आणि मिळत नाही. त्या आज्यांना केक हवा होता आणि नाइलाजाने करंजी केली, असं नव्हतं. त्यांच्या घरात करंजी हाच नाताळ होता. केक हवा झाला तो आमच्यासारख्यांना. टीव्हीवर बघून.

बरं, आता भाचीच्या रीलकडे येऊ. त्यातला मार्शमॅलो तरी नक्की परदेशी, बरोबर? हो, पण गंमत आहे. मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचं नाव आहे. आपल्याकडे युनानी औषधांत त्याला खतमी म्हणतात. हे झाड भेंडी आणि जास्वंदीच्या कुळातलं. भेंडी चिरताना हाताला जो चिकटपणा लागतो, तसाच चिकट रस याच्या मुळात असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले तो रस साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यासोबत फेटून मऊ गोळ्या करायचे. पुढे मुळाच्या रसाची जागा जिलेटिनने घेतली. नाव तेवढं झाडाचं राहिलं.

आणि या सगळ्या नो-बेक वड्यांची आजी कोण? अमेरिकेतली राईस क्रिस्पीज ट्रीट. केलॉग कंपनीने १९२८ मध्ये राईस क्रिस्पीज, म्हणजे फुगवलेल्या तांदळाचे दाणे, बाजारात आणले. १९३९ मध्ये कंपनीच्या पाककृती विभागातल्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी मार्शमॅलो लोण्यात वितळवून त्यात हे दाणे घोळवले, थापले आणि वड्या पाडल्या. कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेने निधी जमवायला त्या विकल्या आणि त्या देशभर पोचल्या. मार्शमॅलोच्या आधी तिकडे असे दाणे मोलॅसिसमध्ये, म्हणजे आपल्या काकवीसारख्या पाकात, घोळवायची पद्धत होती.

आता मला सांगा, फुगवलेला तांदूळ पाकात घोळवून वळला की त्याला आपण काय म्हणतो?

कुरमुऱ्याचा लाडू!

आपला भडभुंजा कढईत वाळू तापवून त्यात तांदूळ फुलवतो. वाळू कशाला? तर दाण्याला सगळ्या बाजूंनी सारखी, कोरडी उष्णता मिळावी म्हणून. ओव्हनची हीच व्याख्या आपण मघाशी केली होती. आणि ज्या घरात ओव्हन नाही तिथे आई कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून, शिट्टी काढून केक करते, तीही तीच वाळू. मला हे लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः ओट्यासमोर उभा राहून हसलो.

तर आम्ही वड्या करायला घेतल्या. पहिली अडचण आजी. तिने पाकीट हातात घेऊन विचारलं, “यात काय असतं रे?” मी म्हणालो, जिलेटिन. “म्हंजे?” म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. आजीने पाकीट खाली ठेवलं. “मग माझ्या ओट्यावर नको.” वाद घालण्यात अर्थ नव्हता, ओटा तिचाच आहे. नाशिकहून हिरवा ठिपका असलेले मार्शमॅलो आणले.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर पदार्थ फसेल. जिलेटिन आपल्या शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतं, म्हणून ते मार्शमॅलो तोंडात विरघळतात आणि पातेल्यातही पटकन वितळून दाण्यांना धरून ठेवतात. शाकाहारी मार्शमॅलोमध्ये बऱ्याचदा अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, किंवा तसलं काही असतं. अगर वितळायला साधारण ८५ अंश लागतात. ते मार्शमॅलो नीट वितळत नाहीत. म्हणून त्यांना गोंदाचं काम देऊ नका. तुकडे करून तसेच घाला, आणि धरून ठेवायचं काम चॉकलेटला द्या. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ‘रॉकी रोड’ म्हणून जी वडी नाताळला करतात, ती अशीच असते.

आमचं प्रमाण सांगतो. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट कंपाउंड, १ मोठा चमचा लोणी, २ वाट्या कुरमुरे, १ वाटी मार्शमॅलोचे तुकडे, अर्धी वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, अर्धी वाटी बेदाणे. कुरमुरे आधी कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून पूर्ण गार करा. पातेल्यात थोडं पाणी उकळा, त्यावर दुसरं कोरडं भांडं ठेवून चॉकलेट आणि लोणी वितळवा. वरच्या भांड्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका. थेंबभर पाण्यानेही चॉकलेट घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या होतात. भांडं उतरवून दोन मिनिटं थांबा, मग बाकी सगळं घालून हलक्या हाताने कालवा. तूप लावलेल्या ताटात थापा आणि सेट झालं की सुरीने वड्या पाडा.

कंपाउंड का? त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे फार सोपस्कार न करता ते घट्ट होतं. आणि आम्हाला फ्रिजही लागला नाही. डिसेंबरात आमच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात पहाटे पारा कधी कधी एक आकडी होतो. शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, कारण गारठ्याने द्राक्षाचे मणी तडकतात. बाबा त्या रात्री बागेच्या काळजीत होते आणि आमचं ताट ओट्यावर आरामात घट्ट होत होतं. एकच थंडी, दोन हिशोब.

सकाळी आजीने एक वडी चाखली. म्हणाली, “कुरमुऱ्याची चिक्कीच की, काळी.” भाचीने लगेच विचारलं, “म्हणजे खरी ना?” आजी म्हणाली, “खरी नाय तर काय, खोटी कशी असेल? खाल्ली ना मी.”

त्या दिवशी मी माझ्या रूममेटला फोन केला. चार वर्षांत आम्ही फक्त वाढदिवसाचे मेसेज पाठवले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणालो, “यार, फर्स्ट इयरला तू करंज्या आणल्या होत्यास, मी काहीतरी बोललो होतो. आठवतं?”

तो म्हणाला, “आठवतं की.”

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. नंतर तो म्हणाला, “पुढच्या वर्षी आजी डबा भरत होती, तर मीच नको म्हणालो. म्हटलं, पुण्यात केक मिळतो. तिन्ही वर्षं नेला नाही. आजी गेली दोन वर्षांपूर्वी.”

मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ दे रे, लहान होतो आपण.” पण मंडळी, आम्ही लहान नव्हतो. अठरा वर्षांचे होतो. मला इतिहास माहीत नव्हता, आणि तो माहीत नसताना मी सगळ्या खोलीसमोर ठरवून टाकलं होतं की त्याचा सण कसा दिसायला हवा.

फोन ठेवताना त्याने सांगितलं की सोऱ्या आणि कातणं त्याच्या आईकडे आहे, आणि ती अजून करते. “ये या वर्षी,” म्हणाला. “डबा हॉस्टेलवर येणार नाही आता, तुलाच यावं लागेल.”

तर यंदा नाताळला मी शरणपूर रोडला जाणार आहे. काळ्या चिक्कीचा डबा घेऊन. करंज्या तळायला हात लागला तर लावीन.

तुमच्या घरी नाताळला, ईदेला, दिवाळीला असं काय होतं, जे बघून कोणी म्हणालं असेल की हे तर तुमचं नाहीच? मला आवाजी मेसेज करून सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू. आणि तुमच्या शेजाऱ्याकडून सणाचा डबा आला, तर आधी खा. प्रश्न विचारायचा असेल तर कसा करतात तेवढा विचारा.

भेटू पुढच्या भागात. नाताळच्या शुभेच्छा!